आधी फोन, मग फिर्याद

पोलीस ठाण्यात जायचं म्हटलं की आमच्या शिरूर-दौंड पट्ट्यात माणूस आधी पुढाऱ्याचा नंबर शोधतो. या सवयीचा मला मनापासून राग आहे आणि या आठवड्यात तो अनावर झाला.

घोड नदीकाठच्या आमच्या शेजारच्या अण्णांच्या पाण्याच्या मोटारीची केबल चोरट्यांनी कापून नेली. तांब्यासाठी इथे केबली जातात, रोहित्रं फुटतात. या सदरात त्यावर पूर्वीही लिहिलंय. फिर्याद द्यायला अण्णांसोबत मीही ठाण्यात गेलो. ठाण्याचं नाव लिहीत नाही, कारण असा अनुभव एकाच ठाण्यात येत नाही. ठाणे अंमलदार म्हणाले, "अर्ज देऊन जा बाबा, बघतो."

कायद्यात संदिग्ध काही नाही. पाच हजारांवरची चोरी दखलपात्र आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा नोंदवायचा आणि फिर्यादीला प्रत मोफत द्यायची. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात हेच बजावलं होतं.

तेवढ्यात एक तरुण आत आला, मोबाइल लावून थेट अंमलदारांच्या हातात दिला. "हो साहेब, लगेच करतो साहेब." तरुणाला खुर्ची मिळाली, चहा आला. अण्णा बाकावरच होते. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आपण पण कुणाला लावायचा का फोन?" केबलीचं त्यांनी मनातून सोडून दिलं होतं, ही वागणूक मात्र त्यांना लागली.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांनी शिकागोतल्या दीड हजारावर लोकांशी बोलून १९९० साली हेच मांडलं. निकाल काय लागला यापेक्षा आपलं ऐकून घेतलं का, सगळ्यांना सारखंच वागवलं का, यावर लोक पोलिसांना जोखतात. सगळ्यांना सारखंच वागवतात यावर आमच्याकडे विश्वासच उरलेला नाही. मे २०२४ च्या पुण्यातल्या कल्याणीनगर अपघातात रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला, तेव्हा आमच्या पारावर कुणालाच नवल वाटलं नाही. हे मला त्या आरोपाइतकंच भयंकर वाटतं.

आणि हेच पोलीस तुकोबांची पालखी यवत, वरवंडला मुक्कामी असते तेव्हा पाहा. रात्रभर उभे असतात, चुकलेल्या म्हातारीला हाताला धरून तिच्या दिंडीत पोचवतात. ती कुणाची कोण, हे कुणी विचारत नाही. त्या रस्त्यावर गावकरी त्यांना बोलावून जेवायला वाढतात.

पुणे ग्रामीणच्या अधीक्षकांकडे माझी मागणी आहे. अंमलदारांच्या टेबलासमोर येईल त्याला खुर्ची द्या, दिलेल्या कागदाची शिक्का मारलेली पोच द्या, आणि टेबलावर दुसऱ्याचा मोबाइल कानाला लावायला बंदी करा.