मध्यरात्रीची मुखत्यारी

दिल्लीच्या 'एम्स' रुग्णालयात २३ नोव्हेंबर २०२२ रोजी खंडणीखोरांनी पाच सर्व्हरांवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद केली, आणि देशातील अग्रगण्य रुग्णालयाला नोंदणीपासून प्रयोगशाळेच्या अहवालांपर्यंतचा कारभार जवळजवळ दोन आठवडे हाताने लिहून रेटावा लागला. शाबूत राहिलेल्या एका बॅकअप सर्व्हरमुळेच पुढे दप्तर पूर्ववत झाले. तेथे निदान रस्त्यापलीकडे सफदरजंग रुग्णालय होते. रत्नागिरीच्या सिव्हिलवर असा प्रसंग ओढवला, तर अनेक अत्यवस्थ रुग्णांना आंबा घाट ओलांडून कोल्हापूर गाठावे लागेल.

अशा संकटावर सरकारी उपाय ठरलेला असतो: नवी निविदा, नवे सॉफ्टवेअर. परंतु आयर्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेचा २०२१ सालचा अनुभव निराळेच सांगतो. तेथे १८ मार्चला एका कर्मचाऱ्याने ई-मेलमधील दूषित फाइल उघडली आणि १४ मे रोजी सारी यंत्रणा ठप्प झाली. मधल्या आठ आठवड्यांत धोक्याच्या सूचना एकदा नव्हे, अनेकदा मिळाल्या होत्या, पण त्यांचा छडा लावणे हे आपले काम आहे असे कोणी मानले नाही. उणीव यंत्राची कमी आणि अधिकाराची अधिक होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

रात्री दोनच्या सुमारास प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाला फाइलींची नावे बदललेली दिसली, तर त्याने संगणक बंद-चालू करू नये, कारण त्याने पुरावा नष्ट होतो. नेटवर्कची केबल तेवढी उपसावी. मात्र ती उपसण्याची मुखत्यारी त्याला आगाऊ, लेखी हुकमाने दिलेली असावी, आणि शंका खोटी ठरली तरी 'कारणे दाखवा' नोटीस येणार नाही अशी हमीही त्यासोबत असावी. ('साहेबांना विचारून सांगतो' या वाक्यात आपल्या कचेऱ्यांतील किती रात्री सरल्या असतील!) सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशान्वये अशा घटनेची वर्दी सहा तासांत द्यावी लागते, ती कोणी, कोणत्या क्रमांकावर द्यायची याचा कागद भिंतीवर चिकटवलेला हवा, कुलूपबंद झालेल्या संगणकात नव्हे.

आणि छापील केसपेपर, रक्तपेढीच्या हाताने भरायच्या चिठ्ठ्या, औषधभांडाराची नोंदवही यांचा साठा असून भागत नाही. ज्या परिचारिकेने नोकरीत संगणकाखेरीज काही हाताळलेच नाही तिला त्यांची तालीम हवी, आणि तीही रात्रपाळीत. पावसाळ्यापूर्वी दरसाल जिल्हा प्रशासन दरडी, पूर आणि वादळ यांच्या बंदोबस्तासाठी बैठक घेते. तिच्या विषयपत्रिकेत रुग्णालयाचे संगणक बंद पडण्याचा विषय यंदाच घालावा. त्यासाठी निविदेची गरज नाही, जिल्हाधिकाऱ्यांची एक सही पुरते.