पडलेली नावं, ठेवलेली नावं

पायधुनीला आज पाय धुवावेत असं पाणी कुठेच दिसत नाही. तरी ते नाव खरं बोलतं. मुंबईची बेटं वेगवेगळी होती तेव्हा भरतीचं पाणी आत खोलवर शिरायचं. ओहोटीला त्या चिखलातून पलीकडून चालत आलेला माणूस इथे थांबून पाय धुवायचा आणि मग वस्तीत शिरायचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधली खिंड बांध घालून बुजवली गेली, पाणी हटलं, जमीन वर आली, तिच्यावर बाजार बसला. जवळच्या उमरखाडीतली खाडीही गेली. पण दोन्ही नावं राहिली, आणि समुद्र कुठपर्यंत येत होता हे त्यांनी सांभाळून ठेवलं. हे काम कुठल्या सरकारने नेमून दिलेलं नव्हतं. ही नावं कुणी ठेवली नव्हती, ती पडली होती. रस्त्यांच्या नावांवरून जे वाद होतात, त्यात हा फरक कुणी करताना दिसत नाही. जुनं नाव इंग्रजी की मराठी, परकं की आपलं, एवढंच विचारलं जातं. माझ्या मते आधी विचारायचा प्रश्न दुसरा आहे: हे नाव त्या जागेतून आलं की बाहेरून आणून तिच्यावर चिकटवलं गेलं?

मुंबईत जागेतून आलेल्या नावांची श्रीमंती थक्क करणारी आहे. १९१७ साली सॅम्युअल शेपर्ड या पत्रकाराने इथल्या स्थळांच्या आणि रस्त्यांच्या नावांचं अख्खं पुस्तक केलं, ते या श्रीमंतीमुळेच. गिरगावातल्या फणसवाडी, कांदेवाडी, केळेवाडी, खेतवाडी ही नावं ओळीने म्हटली तरी चाळींच्या आधीची मळ्यांची आणि बागांची वस्ती उभी राहते. खोताची वाडी म्हटलं की त्या जमिनीचा सारा गोळा करणारा खोत आठवतो. भेंडी बाजारात भेंडीची झाडं होती, भाजीची नव्हे, सावलीची. चिंचपोकळीत चिंचा होत्या, ताडदेवला ताड. धोबीतलावावर धोबी कपडे धूत आणि गोवालिया टँकवर गुराखी गुरं आणत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलेरियाच्या भीतीने शहरातले तलाव बुजवले गेले, पण नावांमुळे ते कुठे होते हे अजून बोट ठेवून दाखवता येतं. तांबा काटा, लोहार चाळ, सुतार चाळ, दाणा बंदर, झवेरी बाजार या नावांत तर कोणता धंदा कुठे चाले याची यादीच आहे. कामाठीपुरा हे नाव तेलुगू मुलखातून आलेल्या, शहराचे रस्ते आणि इमारती उभ्या करणाऱ्या कामाठी मजुरांचं आहे. त्या माणसांचे पुतळे कुणी उभारले नाहीत आणि त्यांच्या नावाने सभाही भरल्या नाहीत. त्यांची सार्वजनिक नोंद म्हणावी तर हीच.

यातली काही नावं इंग्रजी आहेत, आणि म्हणूनच भाषेची कसोटी अपुरी पडते. चर्चगेट हे कुणा साहेबाचं नाव नव्हे. किल्ल्याच्या तटबंदीच्या तीन दरवाजांपैकी सेंट थॉमस चर्चकडे उघडणारा तो दरवाजा. १८६०च्या दशकात तट पाडला, दरवाजा गेला, नाव उरलं. केम्प्स कॉर्नरला केम्प कंपनीचं औषधांचं दुकान होतं. दुकानावरून कोपऱ्याला नाव पडलं, पुढे तिथे उड्डाणपूल झाला तरी तेच चाललं. फोरास रोडचं उदाहरण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. फोरास हा पोर्तुगीज अमलातून आलेला, जमिनीच्या साऱ्याशी निगडित शब्द. समुद्राला बांध घातल्यावर मिळालेली खारवट जमीन लागवडीखाली यावी म्हणून लोकांना ज्या सवलतीच्या बोलीवर दिली, त्या जमिनींना फोरास जमिनी म्हणत आणि त्यांच्यातून गेलेला हा रस्ता. म्हणजे एका रस्त्याच्या नावात बेटं जोडण्याचा, पोर्तुगीज वारशाचा आणि जमीनधारणेच्या कायद्याचा इतिहास एकत्र आला होता. त्याची पाटी आता आर. एस. निमकर मार्ग अशी आहे. ज्यांचं नाव दिलं त्यांच्याविषयी अनादर नाही. पण त्या पाटीसाठी शहराने काय दिलं, याचा हिशेब त्या वेळी कुणी मांडला असेल असं वाटत नाही.

आता ठेवलेली नावं. ही रीत आपल्याला इंग्रजांनी लावली. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट वस्त्यांत समुद्राची हवा खेळावी म्हणून त्याने दाट वस्ती कापत नवे रुंद रस्ते काढले. त्यांपैकी एकाला गव्हर्नर सँडहर्स्टचं नाव दिलं, दुसऱ्याला राजघराण्याच्या मानाचं प्रिन्सेस स्ट्रीट. हॉर्नबी, मेडोज, कारनॅक, रे, लॅमिंग्टन हे सगळे गव्हर्नर असेच रस्त्यांवर बसले. त्यांच्या नावांतून शहराबद्दल काहीच कळत नाही. त्या दिवशी सत्ता कुणाची होती, एवढंच कळतं. स्वातंत्र्यानंतर ही नावं बदलली, आणि ती बदलण्याचा आपला अधिकार निर्विवाद होता. हॉर्नबी रोडवर दादाभाई नौरोजी आले, प्रिन्सेस स्ट्रीटवर शामळदास गांधी, सँडहर्स्ट रोडवर सरदार वल्लभभाई पटेल. या बदलांबद्दल मला यत्किंचितही हळहळ नाही. हळहळ आहे ती पुढच्या पावलाची. गव्हर्नरांची नावं संपल्यावर हात थांबला नाही. इंग्रजांनी लावलेली सवय आपण तशीच पुढे चालवली आणि त्यांनी न ठेवलेल्या नावांनाही हात घातला. गिरगाव रोड हे काही गुलामीचं चिन्ह नव्हतं, तो गिरगावातून जाणारा रस्ता होता.

यावर कुणी म्हणेल, गिरगाव रोडला जगन्नाथ शंकरशेट यांचं नाव दिलं यात काय बिघडलं? ते गिरगावचेच, शिक्षणापासून रेल्वेपर्यंत या शहराच्या प्रत्येक संस्थेच्या पायाशी त्यांचा हात लागलेला. हा आक्षेप वजनदार आहे, कारण माणूस आणि जागा यांचं नातं इथे खरं आहे. पण त्या नावाचं पुढे काय झालं ते पाहा. पत्त्यांवर, दुकानांच्या पाट्यांवर, बिलांवर तो झाला जे. एस. एस. रोड. विठ्ठलभाई पटेल झाले व्ही. पी. रोड, दादाभाई झाले डी. एन. रोड, स्वामी विवेकानंद झाले एस. व्ही. रोड. लांब नावाचा पत्ता लिहिताना माणूस ते आखडणारच, त्याचा दोष त्याला देता येत नाही. मात्र नाव आद्याक्षरांपुरतं उरलं की गौरवाचा हेतू संपतो. गिरगाव रोडवर वाढलेल्या मुलाला ‘जे. एस. एस.’ या तीन अक्षरांत शंकरशेटांचं काही सापडत नाही, आणि गिरगावही सापडत नाही. दोन्हीकडून नुकसान.

तरीही ठेवलेलं नाव कधीच रुजत नाही, असं मी म्हणणार नाही, कारण तसं म्हणणं पुराव्याला धरून होणार नाही. फ्लोरा फाउंटनच्या चौकाला हुतात्मा चौक हे नाव दिलं आणि ते लोकांनी मनापासून घेतलं. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी निघालेल्या लोकांवर गोळीबार झाला तो तिथेच. गोवालिया टँकच्या मैदानाला ऑगस्ट क्रांती मैदान म्हणतात, कारण ८ ऑगस्ट १९४२ला ‘भारत छोडो’चा ठराव झाला तो त्या जमिनीवर. अपोलो स्ट्रीटचा बॉम्बे समाचार मार्ग झाला, आणि १८२२ साली सुरू झालेल्या त्या वृत्तपत्राचं घर त्याच रस्त्यावर. डिलाइल रोडला ना. म. जोशींचं नाव मिळालं. कामगार चळवळ उभी करण्यात आयुष्य घातलेल्या माणसाचं नाव गिरण्यांच्या रस्त्याला, यापेक्षा योग्य जोड शोधून सापडणार नाही. ही नावं निवडताना जागेला विचारलेलं आहे. म्हणून ती ठेवलेली असूनही पडल्यासारखी वाटतात.

दुसरा आक्षेप असा की पाटीवर काहीही लिहा, लोक जुनंच म्हणतात, मग बिघडतं काय? लॅमिंग्टन रोड कधीचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला, तरी इलेक्ट्रॉनिक्सचा सुटा भाग आणायला माणूस लॅमिंग्टन रोडलाच जातो. वॉर्डन रोड, पेडर रोड, नेपियन सी रोड यांचंही तेच. हे खरं आहे आणि ते माझ्या बाजूने बोलतं. गव्हर्नराचं नावसुद्धा पुरेसा काळ वापरात राहिलं की त्या माणसापासून सुटतं आणि जागेचं होतं. ग्रँट रोड म्हणताना रॉबर्ट ग्रँट कुणाच्या मनात येतो? मराठी माणसाला त्या नावासोबत आठवावं ते नाटक: १८५३ साली विष्णुदास भाव्यांच्या मंडळीने मुंबईत प्रयोग केले ते ग्रँट रोडवरच्या नाट्यगृहात. रस्त्याची पाटी आज मौलाना शौकत अली यांच्या नावाची आहे, स्थानक मात्र ग्रँट रोडच राहिलं. पण तोंडी वापराच्या भरवशावर सगळं सोडून चालणार नाही. तोंडातलं नाव टिकतं ते सांगणारं माणूस जवळ असेल तोवर. शहरात नवा आलेला माणूस रस्ता विचारत नाही, फोनमधला नकाशा पाहतो, आणि गाडीतली उद्‌घोषणा ऐकतो. त्या दोन ठिकाणी जे नाव असेल तेच पुढच्या पिढीचं नाव. म्हणून अधिकृत नावाला पूर्वीपेक्षा आज जास्त जोर आहे आणि ते बदलताना जास्त विचार हवा.

सगळ्यांत अवघड आक्षेप वेगळाच आहे, आणि त्याला बगल देऊन माझं म्हणणं पुढे नेता येणार नाही. पडलेली नावं जपा म्हणता, तर मग महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा हीसुद्धा पडलेलीच नावं होती की. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अशी जातिवाचक वस्तीनावं आणि रस्त्यांची नावं काढून टाकायचा निर्णय घेतला. त्यांच्या जागी समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली गेली. तो निर्णय बरोबर होता, आणि ‘नाव हा इतिहासाचा पुरावा’ हे कारण तिथे लागू पडत नाही. पायधुनी हे नाव तिथे पाय धुणाऱ्यांच्या वापरातून आलं. जातीची नावं मात्र वस्तीतल्या लोकांनी स्वतःला घेतलेली नव्हती, ती वेशीच्या आतल्यांनी वेशीबाहेरच्यांवर लादली होती. शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या अर्जावर, घर भाड्याने मागताना पत्ता सांगायचा म्हणजे प्रत्येक वेळी जात सांगायची. इतिहास अभ्यासकाला तो पुरावा हवा असेल तर गावच्या दप्तरात आणि पुस्तकात जरूर राहावा, पण जिवंत माणसाच्या रोजच्या पत्त्यात तो वागवण्याची सक्ती कुणावर नको. म्हणजे जागेतून आलेलं नाव ही पहिली कसोटी असली तरी तिच्यावर आणखी एक आहे: त्या नावाखाली राहणाऱ्यांना ते जाच करतं का? करत असेल तर वाद तिथेच मिटला.

या चर्चेत एक तिसरा प्रकार फारसा कुणी धरत नाही, तो म्हणजे विकलेली नावं. मेट्रोच्या काही स्थानकांच्या नावाआधी कंपन्यांची नावं लागली आहेत, आणि उद्‌घोषणेत आधी कंपनी आणि मग जागा ऐकू येते. वडाळ्यातला गृहप्रकल्प ‘न्यू कफ परेड’ होतो, परळच्या परिसरात ‘अप्पर वरळी’ निर्माण होते. परळ, लालबाग, वडाळा म्हटलं की गिरणी कामगार आणि मिठागरं आठवतात आणि चौरस फुटाचा भाव उतरतो, म्हणून ही नावं टाळली जातात. गव्हर्नरांच्या नावांवरून आवाज उठवणारे इथे गप्प असतात याचं मला वाईट वाटतं. इंग्रजांनीही जे पुसलं नाही, ते जाहिरातीचं एक पान पुसून टाकत आहे. निदान त्याच मेट्रोच्या भुयारी मार्गावर काळबादेवी आणि गिरगाव अशी साधी नावं स्थानकांना मिळाली, हे चांगलं झालं.

ही कसोटी हातात घेऊन जुलै २०२४चा विधिमंडळाचा ठराव वाचला तर तो सरसकट चांगला किंवा वाईट ठरत नाही. उपनगरी रेल्वेच्या काही स्थानकांची नावं बदलण्याच्या त्या ठरावात सँडहर्स्ट रोडचं डोंगरी आणि डॉकयार्ड रोडचं माझगाव होणार आहे. ही नावं त्या स्थानकांहून कितीतरी जुनी, त्यामुळे हा बदल म्हणजे परतावा आहे आणि तो व्हावा. चर्नी रोडचं गिरगाव होणार, यावर मात्र मी दोनदा विचार करीन. चर्नी म्हणजे गुरं चरण्याची जागा, असं एक मत आहे. ठाण्याजवळच्या चेंदणीहून आलेल्या लोकांवरून ते नाव पडलं, असं दुसरं. कोणतंही खरं असलं तरी ते मराठी मातीतलंच नाव आहे, फक्त त्याला इंग्रजी ‘रोड’ चिकटलेला आहे. आणि कॉटन ग्रीनचं काळाचौकी करण्याला माझा विरोध आहे. काळाचौकी हेही पडलेलंच नाव आणि ते वस्तीला आहेच, त्याला स्थानकाची गरज नाही. कॉटन ग्रीन मात्र गेलं की गेलंच. किल्ल्यात चर्चसमोरच्या मोकळ्या हिरवळीवर कापसाच्या गाठी रचल्या जात, तिथे हे नाव जन्मलं. १८४४ साली गाठींचा बाजार कुलाब्याला नेला तेव्हा नाव सोबत गेलं, आणि १९२०च्या दशकात कापूस शिवडीकडे आला तेव्हा तिथेही आलं. गव्हर्नराचं नाव एका जागी खिळून बसतं, हे मात्र धंद्यामागे दोनदा घर बदलत शहरभर फिरलं आहे. विदर्भ-खानदेशातल्या शेतकऱ्याच्या कापसाची मुंबईच्या नकाशावरची ही ठळक खूण आहे. केंद्राची मंजुरी मिळून पाट्या बदलायच्याच झाल्या, तर निदान प्रत्येक नव्या पाटीखाली जुनं नाव, ते कशावरून पडलं आणि कधी बदललं, या तीन गोष्टी मराठीत लिहाव्यात, आणि तसंच एक रजिस्टर महापालिकेने प्रत्येक प्रभागात रस्त्यांसाठी ठेवावं. शेपर्डने एकट्याने शंभर वर्षांपूर्वी जे केलं, ते करायला महापालिकेकडे माणसंही आहेत आणि दप्तरंही.