हरवलेला कुत्रा सापडतो. मालक मात्र सापडत नाही

जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या इडाहो राज्यात महामार्गावर एका मोटारीला अपघात झाला. मोटारीच्या मागच्या काचेतून एक मेंढपाळी जातीचा कुत्रा बाहेर फेकला गेला आणि घाबरून दिसेनासा झाला. दोन दिवसांनी रॅथड्रम या गावाजवळच्या एका शेतावर, परक्या मेंढ्यांच्या कळपामागे तो त्यांना हाकण्याचा खटाटोप करीत असलेला आढळला. शेतकऱ्यांनी त्याचे छायाचित्र आधी पाहिलेले होते. त्यांनी मालकाला कळविले आणि कुत्रा घरी गेला. ही बातमी जगभर फिरली. तिच्यात आनंद होता आणि त्या आनंदाला कारणही होते. पण त्या आनंदाचे एक कारण असेही होते की, कळपातील एकाही मेंढीला ओरखडा उठला नव्हता.

ज्या देशांत मेंढपाळीचा धंदा मोठा आहे, तेथील ग्रामीण वृत्तपत्रांत याच बातमीची दुसरी आवृत्तीही येत असते. फिरायला नेलेले किंवा कुंपणातून निसटलेले दोन कुत्रे मेंढ्यांच्या कळपात शिरतात, काही मेंढ्या मारतात, काहींना जखमी करतात आणि मग बेपत्ता होतात. पुढे कोणी तरी ते पकडते, मालकाची ओळख पटते आणि कुत्रे त्याच्या स्वाधीन होतात. येथे मात्र भेटीचा सोहळा मालकाला काहीसा महागात पडतो. ब्रिटनमध्ये १९५३ च्या कायद्यानुसार शेतजमिनीवर कुत्र्याने पशुधनाला त्रास देणे हा गुन्हा आहे आणि त्याची जबाबदारी मालकावर, तसेच त्या वेळी कुत्रा ज्याच्या ताब्यात असेल त्याच्यावर पडते. स्कॉटलंडने २०२१ मध्ये ही शिक्षा वाढवून कमाल दंड ४० हजार पौंडांपर्यंत आणि कैद एक वर्षापर्यंत नेली. कुत्र्याच्या कातडीखाली ओळखपट्टी बसविणे इंग्लंडमध्ये २०१६ पासून सक्तीचे आहे. ती ओळखपट्टी दोन्ही कामे करते. हरवलेला कुत्रा तिच्यामुळे घरी पोचतो आणि मेंढ्या मारणाऱ्या कुत्र्याचा धनी तिच्यामुळे चव्हाट्यावर येतो. भांडवलशाही देशातील मालमत्तेचा कायदा गरिबांचा कैवार घेण्यासाठी जन्मलेला नसतो, हे खरेच. तेथे मेंढ्यांचे मालकही बहुधा जमीनदारच असतात. तरीसुद्धा मालकी म्हणजे केवळ उपभोग नव्हे, तिच्यात दायित्वही अंतर्भूत आहे, एवढे तत्त्व त्या कायद्याने मान्य केले आहे.

भारतात हे तत्त्व कोणत्या पशूच्या बाबतीत मान्य झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. ब्रिटिश राजवटीने १८७१ मध्ये गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला. गाय, म्हैस, घोडा, गाढव, उंट, इतकेच काय हत्तीदेखील त्या कायद्याच्या व्याख्येत आहेत; मेंढी, शेळी, कोकरू आणि करडू हेही आहेत. कोणाच्या पिकात जनावर शिरले तर ते कोंडवाड्यात घालावे, मालकाने दंड व वैरणीचा खर्च भरून ते सोडवावे, मालक आलाच नाही तर त्याचा लिलाव करावा, अशी ही व्यवस्था. १९२७ च्या वन कायद्याने तीच राखीव जंगलालाही लागू केली. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा जंगलखात्याने गावोगावची गायराने गिळंकृत केल्याची तक्रार त्यांनी मांडली होती. एकीकडे चराई काढून घ्यायची आणि दुसरीकडे चरायला गेलेले जनावर कोंडवाड्यात घालायचे, असा हा दुहेरी फास होता. धनगराची हरवलेली मेंढी त्याला परत मिळण्याचा मार्ग दंडाच्या खिडकीतून जात असे.

त्या व्याख्येत कुत्रा मात्र नाही. पीक खाणारे जनावर कायद्याला दिसले. जनावर मारणारे जनावर दिसले नाही. जुन्या दंडसंहितेचे कलम २८९ आणि आता त्याच्या जागी आलेले भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ ही पाळीव प्राण्याबाबत निष्काळजीपणा करणाऱ्याला शिक्षा सांगतात. पण केव्हा, तर मनुष्याच्या जिवाला धोका किंवा त्याला गंभीर दुखापत संभवत असेल तेव्हा. कुत्र्याने दहा मेंढ्या फाडल्या तर हे कलम मुके राहते. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा तत्त्वतः लावता येतो. परंतु ज्याचा मुक्काम दर चार दिवसांनी बदलतो, त्या मेंढपाळाने तालुक्याच्या न्यायालयात तारखांना हजर राहावे अशी अपेक्षा धरणे ही क्रूर थट्टा होय.

या मेंढपाळाची स्थिती नीट समजून घेतली पाहिजे. माण, खटाव, आटपाडी, फलटण, पारनेर अशा अवर्षणग्रस्त तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास धनगरांचे वाडे बाहेर पडतात. घोड्यावर संसार, पाठीशी लेकरे, पुढे मेंढरे आणि भोवती कुत्रे. शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात मेंढरे बसवायची आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा थोडे पैसे घ्यायचे, हा जुना विनिमय अजून पुरता मोडलेला नाही. रात्री कळपाभोवती वाघर लावलेली असते. हे दोऱ्यांचे जाळे मेंढी बाहेर जाऊ नये म्हणून पुरेसे असते, पण आत येणाऱ्याला अडविण्यास ते असमर्थ ठरते. ते काम वाड्याच्या कुत्र्यांचे. लांडगा दुरून जोखून परतावा इतका त्यांचा दरारा असतो. खंडोबाच्या भक्तीत कुत्र्याला जे मानाचे स्थान आहे, त्याच्यामागे रानातल्या या सोबतीचा इतिहास आहे. तेव्हा कुत्र्यांविरुद्धची ही फिर्याद कुत्र्यांचा द्वेष करणाऱ्यांची नाही; कुत्र्याची किंमत इतरांपेक्षा अधिक ओळखणाऱ्यांची आहे.

मोकाट कुत्र्यांची टोळी कळपात शिरते तेव्हा होणारे नुकसान लांडग्याच्या नुकसानीहून वेगळ्या जातीचे असते. लांडगा बहुधा एखादे कोकरू उचलून नेतो. भूक न लागलेली कुत्री मात्र धावणाऱ्या प्रत्येक मेंढीमागे धावतात आणि फाडून टाकून देतात. मेंढरे एकावर एक चेंगरून गुदमरतात. वाचलेल्या गाभण मेंढ्या धावाधावीने गाभडतात. शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या महामेष योजनेत वीस मेंढ्या आणि एक नर असा गट ७५ टक्के अनुदानावर दिला जातो. त्या गटात एका रात्री पाच-सहा मेंढ्या गेल्या की अनुदानाचा मोठा हिस्सा कोल्ह्या-कावळ्यांच्या वाट्याला जातो. लाभार्थ्याच्या वाट्याला उरते ते त्याने उसनवारीने उभे केलेल्या पंचवीस टक्क्यांचे देणे.

वन्य प्राण्याने जनावर मारले तर महाराष्ट्रात सरकारी भरपाई आहे. ती अपुरी असेल, उशिरा मिळत असेल, पण आहे. लांडगा, बिबट्या, तरस यांच्या नावावर पंचनामा होऊ शकतो. मोकाट कुत्र्याच्या नावावर होत नाही, कारण तो वन्य नाही. वनखात्याचा त्याच्याशी संबंध नाही आणि पशुसंवर्धन खात्याकडे तसा लेखाशीर्ष नाही. याचा परिणाम काय व्हावा? मेलेल्या मेंढीच्या मानेवरील दात कोणाचे, हा प्रश्न जीवशास्त्राचा न राहता हिशेबाचा होतो. भरपाई हवी असणाऱ्याला प्रत्येक हल्ला लांडग्याचा ठरलेला सोयीचा, भरपाई देणाऱ्याला प्रत्येक हल्ला कुत्र्याचा. यात बदनाम होतो तो लांडगा. वास्तविक तो स्वतःच या कुत्र्यांच्या वाढीने संकटात आहे. पुण्याजवळच्या गवताळ प्रदेशात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले, आणि कुत्र्यांचे रोग लांडग्यांत जातात हेही आता उघड आहे.

ही कुत्री रानात येतात कोठून? त्यांना अन्न कोण घालते? अर्थशास्त्रात ज्याला बाह्य खर्च म्हणतात, म्हणजे करणाऱ्याच्या खतावणीत न दिसता दुसऱ्याच्याच माथी बसणारा खर्च, त्याचे याहून ढळढळीत उदाहरण शोधून सापडणार नाही. शहराचा कचरा शहराबाहेर जातो. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगी येथे वर्षानुवर्षे ओतला गेला आणि त्याविरुद्ध तेथील ग्रामस्थांना पुनःपुन्हा रस्त्यावर उतरावे लागले. रस्त्याकडेला कोंबड्यांची आतडी, मेलेले पक्षी, हॉटेलांचे उष्टे टाकले जाते. या अन्नावर कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात. त्यांत शहरी हौसेने विकत आणलेली आणि हौस फिटल्यावर घाटात मोटारीतून उतरविलेली जातिवंत कुत्रीही असतात. हे कुत्रे हरवलेले नसतात. त्यांना हरविलेले असते. त्यांच्या शोधार्थ कोणी भिंतीवर कागद चिकटवीत नाही.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात मोकाट कुत्रे सुमारे १ कोटी ५३ लाख आहेत आणि मेंढ्या ७ कोटी ४२ लाख. महाराष्ट्रात मेंढ्या सुमारे २७ लाख. विमा उतरविलेल्या प्रत्येक मेंढीच्या कानात बिल्ला मारावा लागतो, नाही तर विमा कंपनी दारात उभी करीत नाही. निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्याच्याही कानाला खूण करतात. पण ती खूण शस्त्रक्रिया झाली एवढेच सांगते, जबाबदार कोण ते सांगत नाही. मेंढीला बिल्ला आणि धनी दोन्ही आहेत. तिला मारणाऱ्याला यांपैकी काहीच नाही.

२०२५ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गाजला. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातील सर्व मोकाट कुत्री उचलून निवारागृहांत ठेवण्याचा आदेश झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला आणि निर्बीजीकरण व लसीकरण करून, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता बाकीची मूळ जागी सोडावीत असे ठरविले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातून कुत्री हटविण्यास सांगण्यात आले. त्या काळात इंग्रजी वृत्तपत्रांचे रकानेच्या रकाने या वादाने भरले होते. एका बाजूला कुत्र्यांना खाऊ घालणारे, दुसऱ्या बाजूला त्यांना भिणारे, दोघेही शहरवासी. सुरक्षित ठेवावयाच्या जागांच्या यादीत मेंढवाडा नव्हता, आणि तो नसल्याचे कोणाच्या ध्यानातही आले नाही. त्याच वर्षी तमिळनाडूत तिरुप्पूर आणि इरोड जिल्ह्यांतील शेतकरी कुत्र्यांनी मारलेल्या मेंढ्या-शेळ्यांसाठी भरपाई मागत आंदोलन करीत होते. तेथील सरकारला अखेर भरपाई मंजूर करावी लागली. महाराष्ट्रात अशी मागणी संघटितपणे उभी राहिलेली नाही. धनगर समाजाच्या आरक्षणाच्या प्रश्नावर जे पुढारी मेळावे भरवितात, त्यांनी रात्रीच्या वाघरीपर्यंत येण्याची तसदी घेतलेली दिसत नाही.

कुत्री सरसकट मारा, असे म्हणणारा एक वर्ग नेहमीच असतो. मुंबईत १८३२ साली कंपनी सरकारने तेच केले. शिपायांना कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस लावले. बक्षिसाच्या लोभाने शिपाई लोकांच्या घरांतली पाळीव कुत्री ओढून नेऊ लागले, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहराचे व्यवहार बंद पडले. डोक्यामागे दर लावला की सोपे डोके आधी पडते, मोकाट कुत्रा पळून जातो. पुढेही पालिकांनी दशकानुदशके कुत्री मारली. कचरा तसाच राहिला, म्हणून कुत्रीही तशीच राहिली. प्राण्यांविषयी कणव बाळगणाऱ्यांशी भांडण उकरून काढण्याचेही कारण नाही. वाघरीत निपचित पडलेल्या गाभण मेंढीसाठीही ती कणव मागावयाची आहे, इतकेच.

२०२३ च्या प्राणी जननदर नियंत्रण नियमांनी निर्बीजीकरणाचे दायित्व स्थानिक संस्थांवर टाकले आणि ग्रामपंचायतीही त्यांत आल्या. ज्या ग्रामपंचायतीला पाणीपुरवठ्याचे वीजबिल भरता येत नाही, तिने शस्त्रक्रियागृह, पिंजरे आणि पशुवैद्य कोठून आणावे? कचरा महापालिकेचा, कुत्री त्या कचऱ्यावरची आणि दायित्व मात्र ग्रामपंचायतीचे, ही विभागणी कोणत्याही न्यायाने टिकणारी नाही. ज्या शहरांचा कचरा बाहेर पडतो, त्यांच्या अंदाजपत्रकातून भोवतालच्या तालुक्यांतील निर्बीजीकरण आणि लसीकरण यांचा खर्च वसूल झाला पाहिजे. पाळीव कुत्र्याच्या परवान्याचा नियम महापालिकांत आहे, पण तो कागदावर आहे. परवान्याबरोबर ओळखपट्टी सक्तीची करून सोडून दिलेल्या कुत्र्याचा मागचा धनी शोधून काढता येतो. त्यासाठी फार मोठ्या तंत्रज्ञानाची आवश्यकता नाही. आणि मोकाट कुत्र्याने मारलेल्या जनावराची भरपाई वन्य प्राण्याच्या दराने मिळाली पाहिजे, म्हणजे दात कोणाचे या प्रश्नावर मेंढपाळाला खोटे बोलण्याची पाळी येणार नाही आणि लांडग्यालाही न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा भोगावी लागणार नाही.

यासाठी प्रथम नोंद हवी. आज कुत्र्यांनी मारलेल्या मेंढ्यांची मोजदाद कोणतेही खाते नियमाने करीत नाही आणि जे मोजलेले नाही त्याला अंदाजपत्रकात जागा नसते. दिवाळीनंतर ज्या ज्या तालुक्यांतून वाडे जातात, तेथील कार्यकर्त्यांनी हल्ल्याच्या सकाळीच पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला रानात नेऊन मृत जनावरांचा दाखला घ्यावा, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा आणि त्याची एक प्रत तहसील कचेरीत आवक-क्रमांकासह दाखल करावी. मेंढपाळ चार दिवसांत पुढच्या मुक्कामी गेलेला असेल. कागद मात्र त्या कचेरीत राहिला पाहिजे आणि त्याचा पाठपुरावा करणारा कार्यकर्ता त्याच तालुक्यातला असला पाहिजे.