कागदावरचा कापूस

परदेशी जाणाऱ्या कपड्याबरोबर आज नुसते सूत जात नाही, कागदही जातो. हा कापूस विषारी फवाऱ्याशिवाय पिकला, हे कापड रंगविताना नदी नासली नाही, हा सदरा शिवणाऱ्या कामगाराला योग्य वेतन मिळाले, अशी ग्वाही देणारा तो कागद असतो. हँबुर्ग किंवा न्यूयॉर्क येथील ग्राहक जादा पैसे मोजतो ते या ग्वाहीसाठी. सुताची परीक्षा त्याला बोटांनी करता येते, ग्वाहीची येत नाही. म्हणूनच तिची परीक्षा करण्याची जबाबदारी जे धनी आणि जी सरकारे शिरावर घेतात, त्यांनी ती खरोखर पार पाडली पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे. आणि ती आजवर नीट पार पाडली गेलेली नाही, हेही आम्हांस स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

२०२० च्या ऑक्टोबर महिन्यात सेंद्रिय कापडाचे जागतिक मानक चालविणाऱ्या 'गॉट्स' या संस्थेने जे जाहीर केले, ते प्रत्येक भारतीयाची मान खाली घालावयास लावणारे होते. आपल्या देशातील २०,००० टन कापसाचे 'सेंद्रिय' दाखले बनावट असल्याचे उघडकीस आले. १७० किलोची एक गाठ धरली, तर हा आकडा सुमारे १ लाख १७ हजार गाठींचा होतो. शेतमालाच्या निर्यातीची देखरेख करणारी 'अपेडा' ही केंद्र सरकारची संस्था. तिच्या संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल उभी करण्यात आली होती. दाखल्यावरील चौकटीवर यंत्र धरले की ते या नकली घरात जाऊन पोहोचे आणि तेथे 'दाखला खरा आहे' असे उत्तर मिळे! चोराने दाखल्याबरोबर तो तपासणारा चावडीचा कारकूनही आपल्या घरचाच आणून बसविला. तपासणाऱ्या संस्था फसल्या. ११ कंपन्यांवर बंदी आली. परंतु या प्रकरणी खरा दंड कोणी भरला, हा प्रश्न मागेच राहिला.

तो दंड कोणी भरला हे पाहावयाचे असेल, तर वारंगा फाट्यावर उभे राहावे. हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील हे ठिकाण. नांदेडहून येणारा रस्ता येथे दुभंगतो. एक वाट हिंगोलीकडे जाते, दुसरी हदगाववरून यवतमाळ-नागपूरची दिशा धरते. भोवतालचा मुलूख हळदीचा, सोयाबीनचा आणि कापसाचा. या मुलुखातील एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याने सेंद्रिय कापूस पिकवावयाचे मनात आणले, तर त्याच्यापुढे काय वाढून ठेवलेले असते? पेरणीपूर्वीची दोन वर्षे जमीन रासायनिक खतांपासून आणि औषधांपासून दूर ठेवावयाची. त्या काळात उतारा घटतो, पण भाव मात्र बाजारातलाच मिळतो. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाल्यापासून त्याने देशातील बहुतेक सर्व कापूसक्षेत्र व्यापले. सेंद्रिय नियमांना तर बीटी मुळीच चालत नाही. तेव्हा साधे बियाणे शोधीत हिंडावयाचे. शेजाऱ्याच्या शेतातून परागकण येऊ नयेत म्हणून बांधालगतची जागा सोडावयाची, वेचलेला कापूस वेगळा साठवावयाचा, आणि जिनिंगमध्ये तो इतर मालात मिसळू नये म्हणून राखण करावयाची. एवढे सगळे करून तो बाजारात उभा राहतो, तेव्हा त्याच्या शेजारी दुसरा एक 'सेंद्रिय' कापूस उभा असतो. त्याला ना कष्ट पडलेले असतात, ना काळ लागलेला असतो. त्याला लागलेला असतो फक्त एक छापखाना. खोटा दाखला स्वस्त असतो, म्हणून खऱ्या मालाचा भाव पडतो. आणि लबाडी उघडी पडली की परदेशी गिऱ्हाईक साऱ्याच भारतीय कापसाकडे संशयाने पाहू लागते. सुक्याबरोबर ओलेही जळते ते असे.

हा रोग नवा आहे, असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना मुंबईच्या कापसाची निकड लागली, तेव्हा गाठींत माती, सरकी आणि पाणी घालून वजन वाढविण्याचा धंदा एवढा बोकाळला की १८६३ साली मुंबई सरकारला कापसातील लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. पुढे १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंगविषयक कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालणे सक्तीचे केले. गाठीत खोट निघाली तर ती कोणत्या प्रेसमध्ये बांधली गेली हे शोधता यावे, हा त्यातील साधा व्यवहारी विचार होता. त्या काळची लबाडी गाठीच्या पोटात होती. आजची गाठीच्या कागदात आहे. मात्र माल जेथून निघाला त्या जागेपर्यंत मागे चालत जाता आले पाहिजे, हे जुने तत्त्व अद्यापि तसेच खरे आहे.

येथे आणखी एक भेद वाचकांनी ध्यानात घ्यावा. दाखला दोन प्रकारे खोटा असू शकतो. पहिला प्रकार बनावटीचा. दुसरा त्याहून भयंकर : कागद अस्सल, सही अस्सल, शिक्का अस्सल, आणि तरीही त्यातील ग्वाही पोकळ! ११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीच्या बाल्दिया भागातील कपड्यांचा कारखाना जळाला आणि अडीचशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्या कारखान्याला कामगारांच्या सुरक्षिततेविषयीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र काही आठवड्यांपूर्वीच मिळालेले होते. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळील राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१०० हून अधिक जीव गेले. तिच्यातील काही कारखान्यांचीही पूर्वी तपासणी झालेली होती. तपासनीस येऊन गेले, रकाने भरून गेले, आणि ज्या खांबांवर हजारो माणसे उभी होती ते खांब कोणी पाहिलेच नाहीत! ज्याची तपासणी करावयाची त्याच्याकडूनच तपासणीचे शुल्क घ्यावयाचे, ही रूढी जोवर चालू आहे, तोवर कुंपणच शेत खाण्याचे भय संपणार नाही.

मग पारख करावी तरी कशी? त्यासाठी दिव्यदृष्टी लागत नाही. विकणाऱ्याने हाती दिलेला कागद हा पुरावा मानू नये. तो केवळ दावा मानावा. त्यावरील क्रमांक घेऊन, दाखला देणाऱ्या संस्थेच्या नोंदवहीत आपण स्वतः, आपल्या वाटेने जाऊन शोध घ्यावा. विक्रेत्याच्या कागदावरच्या चौकटीने दाखविलेल्या वाटेने जाऊ नये. २०२० चा धडा हाच आहे. संस्था मान्यताप्राप्त आहे काय, मुदत चालू आहे काय, दाखल्यावरील पत्ता माल बनविणाऱ्याचाच आहे काय, हे पाहावे. कारखान्याला मिळालेला सर्वसाधारण दाखला निराळा आणि विशिष्ट मालाचा व्यवहारदाखला निराळा. पहिला दाखवून दुसऱ्याची उणीव झाकली जात नाही ना, याची खात्री करावी.

आणि सर्वांत शेवटी, शाळेत शिकलेला त्रैराशिक हिशेब करावा. समजा, एका सेंद्रिय गटात नियमाने कमाल असलेले ५०० शेतकरी आहेत आणि प्रत्येकाचा दोन एकर कापूस आहे. एकरी ५ क्विंटल उतारा धरला तर ५,००० क्विंटल कापूस झाला. क्विंटलमागे ३४ किलो रुई धरली तर हजार गाठी झाल्या. अशा गटाच्या नावावर तीन हजार गाठींचे दाखले निघाले असतील, तर उरलेल्या दोन हजार गाठी कोणत्या शेतात पिकल्या हे विचारावयास कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नाही!

निर्यातदार म्हणतील की एवढी चौकशी केली तर धंदा बसेल. आमचे उत्तर असे की चौकशी न केल्यानेच तो बसतो. सेंद्रिय म्हणून पाठविलेल्या मालात इथिलीन ऑक्साईडचे अंश सापडले, तेव्हा युरोपीय संघाने २०२२ च्या आरंभापासून भारतात काम करणाऱ्या पाच प्रमाणन संस्थांची मान्यता काढून घेतली. दोष काहींचा, पण दारे बंद झाली अनेकांची. दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे : कडक तपासणीचा बोजा अखेर लहान शेतकऱ्यावरच पडणार नाही काय? पडेल, जर आपण त्याच्याकडून आणखी कागद मागितले तर. म्हणून त्याच्याकडे नवे कागद मागू नयेत. सरकारदरबारी जे आहेत ते उघडावेत.

राज्यात २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आहे. कोणत्या गटक्रमांकात कोणते पीक किती क्षेत्रावर उभे आहे, याची नोंद तीत असते. सेंद्रिय गटांच्या सभासदांच्या याद्या या नोंदींशी का ताडून पाहू नयेत? त्या याद्या ग्रामसभेत मोठ्याने का वाचू नयेत? आपले नाव एखाद्या सेंद्रिय गटात आहे हे खुद्द शेतकऱ्यालाच ठाऊक नाही, अशा तक्रारी मध्य प्रदेशाच्या कापूसपट्ट्यातून जाहीरपणे झालेल्या आहेत. ज्याच्या नावावर दाखला विकला जातो त्याला तो वाचून दाखविणे, ही तपासणीची पहिली पायरी असली पाहिजे. आणि ग्राहकाने मोजलेल्या जादा पैशांतील किती पैसे शेतकऱ्याच्या हाती पडले, हा आकडा दाखल्यावरच छापला जावा.

आमच्या सुशिक्षित वाचकांनीही हा प्रश्न निर्यातदारांचा म्हणून सोडून देऊ नये. नातवंडांसाठी 'सेंद्रिय' सुती झबले पुण्या-मुंबईच्या दुकानांतही जादा दामाने घेतले जातेच. दुकानदाराला दाखल्याचा क्रमांक विचारावा, आणि घरी येऊन तो पडताळून पाहावा. विचारणारे गिऱ्हाईक आहे हे कळले की दुकानदार व्यापाऱ्याला विचारील, व्यापारी जिनिंगवाल्याला विचारील, आणि प्रश्न चालत चालत शेताच्या बांधापर्यंत पोहोचेल. तेथे ज्याने खरोखर घाम गाळला आहे, त्याला या प्रश्नाचे भय वाटण्याचे कारण नाही. उलट, तो कोणीतरी विचारावा म्हणूनच तो इतकी वर्षे वाट पाहत आहे.