मेनचं मांजर, यावलचा मे

यावल-रावेर पट्ट्यातला केळीवाला मे महिन्याचा विचार लागवडीच्या वेळीच करून ठेवतो. सातपुड्याच्या पायथ्याशी पारा 45 अंशांपुढे गेला की गरम वारा पानं फाडतो, घड होरपळतात; म्हणून तो बांधावर शेवरी नाहीतर गजराज गवत लावतो. हौसेने मेनकून किंवा पर्शियन मांजर घरी आणताना मात्र हा हिशेब मांडला जात नाही. थंडीत घेतलेलं पिल्लू रेशमाच्या गुंड्यासारखं दिसतं. मेनकूनची वाढ तीन-चार वर्षं चालते, बोका सहा-आठ किलोंचा होतो आणि दर उन्हाळा त्याला त्याच अंगरख्यात काढावा लागतो. अशा मांजराचा निर्णय पिल्लू पाहून नव्हे, मेमधली दुपार डोळ्यांसमोर ठेवून व्हायला हवा. त्या दुपारची सोय नसेल तर ते आणू नये.

मेनकून अमेरिकेच्या ईशान्य टोकावरच्या मेन राज्यातलं. 1985 पासून ते त्या राज्याचं अधिकृत मांजर आहे. दाट केस, बोटांच्या बेचक्यांतले झुबके, झोपताना अंगाभोवती ओढून घ्यायची झुपकेदार शेपटी, हा सगळा बंदोबस्त बर्फासाठीचा. मांजराला घाम येतो तो मुख्यतः तळव्यांना; एरवी अंग चाटून, ती ओल वाळताना मिळेल तेवढाच गारवा. पर्शियन तर इराणचं, त्याला उन्हाची सवय असणारच, असं काही जण म्हणतात. नाव फसवं आहे. आजचं पर्शियन घडलं ते एकोणिसाव्या शतकापासून ब्रिटनमध्ये, आणि 2008 च्या जनुकीय अभ्यासात त्याची जवळीक पश्चिम युरोपातल्या मांजरांशी निघाली. त्यात चेहरा चपटा, म्हणजे धाप लागली तरी श्वास अडखळतच येणार.

कूलर आहे की, हे उत्तर अर्धं खरं आहे. खान्देशच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर चांगला चालतो. पण वीज गेली की तो नुसता डबा, आणि जूनमध्ये हवा दमट झाली की वीज असूनही उपयोग बेताचाच. दुसरा उपाय केस भादरण्याचा. त्याने उन्हाची आच थेट कातडीला लागते. त्यापेक्षा आतली लव रोज विंचरून काढणं बरं. काखेत, पोटाखाली जटा झाल्या तर घरी कात्री लावू नये. मांजराची कातडी पातळ, जटेबरोबर वर ओढली जाते आणि कापली जाते.

मग परदेशी काही आणूच नये का? ग्रँड नैन केळीही बाहेरचीच. पण ती इथे रुजली ती ठिबकाच्या जोडीने, आणि पाण्याची सोय नसलेल्या रानात ती लावायला कुणी धजत नाही. मांजरालाही तीच कसोटी लावावी. (धाब्याच्या घरात उंदरांवर टपून बसलेल्या गावठी मांजराला कसली कसोटी लागत नाही, आणि तेही लाडाला कमी पडत नाही.) ज्यांच्या घरी असं मांजर आधीच आहे, त्यांनी एवढं ओळखून असावं: कुत्र्याचं धापणं रोजचं, मांजराने उन्हाळ्यात तोंड उघडून धापा टाकल्या तर ते संकट. अंग साध्या पाण्याने ओलं करावं, पंखा लावावा, बर्फ लावू नये आणि संध्याकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावा.