साहेबांनाही बोलवा

परवा भाची आली होती. पुण्यात एका कंपनीत ती नुकतीच टीम लीडर झाली आहे. कंपनीने सहा महिन्यांसाठी तिला 'लीडरशिप कोच' दिलाय.

"मावशी, कोचशी बोलताना सगळं पटतं गं. कामं वाटून द्यावीत, माणसांवर विश्वास टाकावा. पण आमचे साहेब परस्पर माझ्याच माणसांना फोन करून कामं सांगतात. मग मी शिकून उपयोग काय?"

"त्यांना माहीत आहे का, तू काय शिकतेयस ते?"

"त्यांनी फक्त मंजुरीची सही केली."

मला माझी नोकरी आठवली. एकदा सुट्टीतल्या प्रशिक्षणाहून मी उत्साहाने परतले. मुलांना गटात बसवून चर्चा सुरू केली. मुख्याध्यापक दारात आले, "गोंगाट कसला? बाकं सरळ करा." आठवड्याभरात मी पुन्हा खडू-फळ्यावर! दोष एकट्या त्यांचा नव्हता. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

या कोचिंगचं एक मूळ टेनिसमध्ये आहे. टिमथी गॅलवे यांनी १९७४ साली पुस्तक लिहिलं, की खेळाडूचा खरा प्रतिस्पर्धी त्याच्याच मनात असतो. पुढे जॉन व्हिटमोर यांनी १९९२च्या आपल्या पुस्तकात तो विचार ऑफिसच्या कामाला लावला. विचार चांगलाच आहे. पण टेनिस कोर्टावर खेळाडूच्या डोक्यावर साहेब नसतो, ऑफिसात असतो.

म्हणून मला वाटतं, सुरुवातीला तिघांनी एकत्र बसावं. साहेबांनी आपली अपेक्षा तिच्यासमोर सांगावी, आणि "तुम्ही स्वतः काय बदलाल?" हा प्रश्न त्यांनाही विचारला जावा. शेवटी पुन्हा तिघांनी बसून काय बदललं ते पाहावं. मधल्या बैठका मात्र फक्त तिच्या आणि कोचच्या. तिथलं बोलणं साहेबांच्या कानावर जाऊ लागलं, तर तो आमच्यासारखा गोपनीय अहवालच झाला. मग मनातलं कोण बोलणार?

भाचीला म्हटलं, "कोचलाच सांग, साहेबांना बोलवा म्हणून."

"आणि साहेबांना राग आला तर?"

येऊ शकतो. तिच्या बढतीचा प्रश्न आहे, बोलायला मला काय जातंय! पण मी तेव्हा मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन बोलले नाही, याची रुखरुख अजून आहे.

असो. तुमच्या ऑफिसात काय होतं? जरूर कळवा.