उंबरठ्याशी थबकलेला पाहुणा

६ मे २०२३ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत राजे चार्ल्स यांचा राज्याभिषेक झाला. तो दिवस शनिवार, म्हणजे यहुद्यांचा शब्बाथ. त्या दिवशी मोटारीत बसायचे नाही, वीज हाताळायची नाही. म्हणून ब्रिटनचे मुख्य रब्बी एफ्राइम मिरविस यांना राजाने आदल्या रात्री सपत्नीक आपल्याकडेच मुक्कामाला बोलावले. सकाळी ते चालत ॲबीत पोचले. समारंभाच्या शेवटी इतर धर्मांच्या प्रमुखांबरोबर त्यांनी राजाला अभिवादन केले, तेही मायक्रोफोनविना.

पण खरा पेच शनिवारचा नव्हताच. रब्बीने चर्चमध्ये पाऊल टाकावे का, हा होता.

यहुदी धर्मशास्त्राचे रूढ उत्तर 'नाही' असे आहे. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीसने ख्रिस्ती उपासना मूर्तिपूजेच्या खात्यात जमा केली. इस्लामला त्यातून वगळले. त्यामुळे मशिदीत जायला अनेक रब्बींची हरकत नसते, पण चर्चमध्ये नुसती चित्रे पाहायला जाणेही न्यूयॉर्कच्या रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी निषिद्ध ठरवले. या हिशेबात आपली देवळे कुठे बसतात, हे वाचकांनीच ताडावे!

हे वाचून राग येतो. मलाही आला. पण रोममध्ये १५८४ पासून पोपच्या हुकमाने यहुद्यांना धर्मांतराची प्रवचने सक्तीने ऐकवली जात. कानांत मेण घालून ते बसत, असे सांगतात. नियम त्याहून पुष्कळ जुना. त्याला धार चढली ती अशा दिवसांत.

आणि नियमाला वाटाही आहेत. यहुदी नसलेल्या राजालाही पाहायला धावत जावे, असे तालमूदच सांगते. तेराव्या शतकातल्या मेइरी या पंडिताने तर धर्माच्या मर्यादेत वागणाऱ्या शेजाऱ्यांना मूर्तिपूजक मानायचेच नाकारले. बँकेतली आमची सर्क्युलरे अशीच असत. अक्षर कडक, पण काउंटरपलीकडे माणूस उभा राहिला की मॅनेजर पुन्हा चष्मा लावून वाचायचा.

अलिबागला असताना माझे एक सहकारी बेने इस्राएल होते. आम्ही देवळात गेलो की ते बाहेर आमच्या चपला राखत बसत. गणपतीत घरी मात्र हटकून येत. नैवेद्य दाखवलेले त्यांना चालत नसे. पहिल्या वर्षी आई अडखळली, 'देवाआधी माणसाला?' पुढच्या वर्षापासून चार मोदक तीच आधी बाजूला काढून ठेवू लागली.